महापालिकेत शिकायला जायचंय? तीन योजनांचं रोखठोक परीक्षण

हुशार मुलामुलींनी शहराच्या कारभारात यावं, असं भाषणात सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या पदवीधराला महापालिकेच्या इमारतीत, काउंटरच्या आतल्या बाजूला बसायचं असेल तर सरकारी दारं मोजकीच आहेत. केंद्राची 'ट्युलिप' इंटर्नशिप, राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि मुख्यमंत्री फेलोशिप. एखादी सेवा विकत घेताना जसं बघतो तसं इथे बघितलंय: काय कबूल केलंय, हातात काय पडतं, कुठे अडतं आणि कोणी कुठे अर्ज करावा.

ट्युलिपपासून सुरुवात करू, कारण कागदावर नेमकी शहरांसाठी असलेली योजना हीच. ४ जून २०२० रोजी केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाने तेव्हाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) यांच्यासोबत ती सुरू केली. देशातल्या चार हजारांहून अधिक नागरी स्वराज्य संस्था आणि १०० स्मार्ट शहरं तिच्या कक्षेत घेतली आणि २०२५ पर्यंत २५,००० इंटर्नशिपचं लक्ष्य ठेवलं. अट सुटसुटीत आहे: भारतीय नागरिक आणि अंतिम वर्षाचा निकाल लागून १८ महिन्यांच्या आतला पदवीधर. मुदत ८ आठवडे ते एक वर्ष. नगररचना, अभियांत्रिकी, वाहतूक, वित्त, पर्यावरण, माहिती तंत्रज्ञान, समाजकार्य, जवळपास सगळ्या शाखांना जागा. शेवटी प्रमाणपत्र.

आता खोट कुठे ते. विद्यावेतन किती द्यायचं आणि द्यायचं की नाही, हे ज्या त्या महापालिकेवर सोडलंय. त्यामुळे एकाच पोर्टलवर एक शहर बरे पैसे देतं, दुसरं फक्त प्रमाणपत्र देतं. बिनपैशाची जागा घेणं कोणाला परवडतं? ज्याचं त्याच शहरात घर आहे त्याला. गंगाखेडचा किंवा सावंतवाडीचा मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे भरून फुकट काम करू शकत नाही. गुणवत्तेच्या नावाखाली अशी चाळणी आधीच लागते आणि तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. शिवाय स्मार्ट सिटी मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. या इंटर्नना पैसे देण्यासाठी ज्या निधीकडे बोट दाखवलं जायचं त्यातला एक झरा तिथेच आटला. म्हणून पोर्टलवर जाहिरात दिसली म्हणजे जागा आहे असं धरू नका. महापालिकेच्या आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका पाहणाऱ्या खात्यात, फोन करून तीन गोष्टी विचारा: जाहिरात चालू आहे का, विद्यावेतन कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या रकान्यातून) देणार, मार्गदर्शक अधिकारी कोण. दुसऱ्या प्रश्नावर पलीकडे शांतता पसरली तर ती जागा बिनपगारी समजावी.

युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं उलट आहे. पैसे ठरलेले, काम न ठरलेलं. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ती आली. बारावी उत्तीर्णांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,०००, पदवीधर व पदव्युत्तरांना १०,००० रुपये, थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नसलेला. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती अकरा महिने झाली. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांनी मंजूर पदांच्या ५ टक्के प्रशिक्षणार्थी घ्यायचे आहेत आणि त्यात महापालिका, नगरपरिषदाही येतात. संख्येच्या हिशेबाने तरुणांना पालिकेच्या आत आणणारी सगळ्यात मोठी योजना हीच.

अडचण ५ टक्क्यांच्या सूत्रातच आहे. हे सूत्र मंजूर पदांवर चालतं, कामावर नाही. आस्थापना विभाग आकडा काढतो, पोर्टलवर मागणी टाकतो, मुलं रुजू होतात आणि मग प्रत्येक खात्याला 'तुम्हाला किती पाठवू' असं विचारलं जातं. खातेप्रमुखाला मुळात विचारलेलंच नसतं. मग एमएस्सी पर्यावरण झालेली मुलगी बारनिशीत, म्हणजे टपाल नोंदवण्याच्या विभागात, टपालावर आवक क्रमांक टाकते आणि सिव्हिलचा मुलगा जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीवर बसतो. खिडकीवरचं काम हलकं म्हणून नव्हे, पण १०,००० रुपयांत रिक्त लिपिकाची जागा भरून निघाली की ती रिक्त जागा भरायची निकडही कमी होते. प्रशिक्षणार्थ्यांना कायम करा म्हणून जी आंदोलनं झाली त्यांचं मूळ इथे आहे. माणसाकडून अकरा महिने नियमित काम करून घ्यायचं आणि बाराव्या महिन्यात 'हे प्रशिक्षण होतं' म्हणायचं, याला उत्तर नाही. शासन निर्णयात नोकरीची हमी नाही आणि किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचे कायदेही या प्रशिक्षणार्थ्यांना लागू नाहीत. हे वाचून मगच सही करावी.

हजेरीचा भागही नीट समजून घ्या. हजेरी तुमच्या कार्यालयाने ऑनलाइन नोंदवायची असते. ती नोंदवणारा लिपिक रजेवर गेला किंवा लॉगिन बंद पडलं की त्या महिन्याचं विद्यावेतन लटकतं. महिन्यात दहा किंवा जास्त दिवस गैरहजेरी लागली तर त्या महिन्याचे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे महिनाअखेर हजेरी पाठवली गेली का हे स्वतः विचारणं आणि कार्यालयातल्या हजेरीपटाच्या पानाचा फोटो जवळ ठेवणं, या दोन सवयी पहिल्या महिन्यापासून लावाव्यात. बँक खात्याला आधार जोडलेलं असणं आणि थेट लाभ त्याच खात्यात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-तीन खाती असलेल्यांचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात जाऊन बसतात. आधी बँकेत चौकशी करा.

मुख्यमंत्री फेलोशिपबद्दल थोडक्यात, कारण ती तिघांत उत्तम असली तरी शहरापुरती नाही. २०१५ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये थांबली, २०२३ मध्ये परत आली. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव, मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं आवश्यक. ऑनलाइन चाचणी, मग निवडकांचे निबंध आणि मुलाखत. २०२५-२६ च्या जाहिरातीत ६० जागा होत्या आणि मानधन ५६,१०० अधिक प्रवासखर्चासाठी ५,४०० असे ६१,५०० रुपये. दर्जा गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष, सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. इथे काम घेणाऱ्याला फेलो कशासाठी आहे हे ठाऊक असतं, हाच सगळा फरक. पण ताज्या रचनेत फेलो जिल्ह्यांना दिलेत, त्यामुळे कामाचा कल जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. महापालिकेचाच कारभार शिकायचा असेल तर ही वाट वळसा घालून जाते. आणि राज्यभरातून ६० म्हणजे दार अरुंदच.

योजना कोणतीही असो, वर्ष सत्कारणी लागेल की टेबल सांभाळण्यात जाईल, हे ठरतं तुम्ही कोणत्या खात्यात, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या महिन्यात बसता यावर. शासन निर्णयात याबद्दल एक ओळ नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

पालिकेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा अर्थसंकल्पाचा काळ. प्रत्येक खातं मागणी पाठवतं, लेखा विभाग कापतो, आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात. पैसा कुठून येतो आणि कोणतं काम कशामुळे मागे पडतं हे पाहायचं तर याच दिवसांत लेखा किंवा शहर अभियंता कार्यालयात असावं. मार्चमध्ये मात्र कोणी शिकवणार नाही, सगळे देयकं काढण्यात. एप्रिल-मे म्हणजे नालेसफाई आणि मालमत्ता कराच्या सवलतीची गर्दी. जून ते सप्टेंबर आपत्कालीन कक्ष, खड्डे, डेंग्यू-मलेरियाची धूरफवारणी. पर्यावरणवाल्यांनी एप्रिल ते जुलै साधावा, कारण महापालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल ३१ जुलैपूर्वी सभागृहासमोर ठेवावा लागतो. हवा, पाणी, आवाज, कचरा, झाडं, सगळ्या खात्यांची माहिती तेव्हा एकत्र येते. पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीच्या अहवालात आकडे बदलून काम भागवतात. नव्या नजरेला तिथे वाव आहे.

निवडणुकीचा काळ टाळा. आचारसंहिता लागली की नवे कार्यादेश थांबतात, अर्धे कर्मचारी निवडणूक कामावर जातात आणि प्रशिक्षणार्थी रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून राहतो.

खात्यांबद्दल आमचं मत असं. नगररचना विभाग वास्तुशास्त्र व प्लॅनिंगवाल्यांना ओढतो, पण तिथे बांधकाम परवानग्यांच्या फाइली असतात, पैशाचा संबंध येतो आणि बाहेरच्या मुलाला कोणी फाइल उघडून दाखवत नाही. एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावली (बांधकामाचे राज्यभराचे नियम) वाचून गेलात तरी पहिले दोन महिने नकाशांच्या घड्या घालण्यात जातात. माहिती तंत्रज्ञान विभाग नावाला आकर्षक, पण पुष्कळसं काम ठेकेदार कंपन्यांकडे असतं आणि विभागाकडे उरतं ते देयकं तपासणं. घनकचरा व्यवस्थापन हे सगळ्यात चांगलं शिक्षण. पहाटे साडेपाच-सहाला हजेरी शेडवर जाण्याची तयारी हवी, एवढंच. मुकादम, स्वच्छता निरीक्षक, घंटागाडीचा मार्ग, वजनकाट्याच्या पावत्या, प्रक्रिया केंद्र ही साखळी आठवडाभरात डोळ्यांनी बघता येते. वजनकाट्याच्या पावत्या आणि वाहनांच्या फेऱ्या शेजारी शेजारी मांडल्या की काय दिसतं, ते ज्याचं त्याने पाहावं.

मालमत्ता कर विभागाकडे वाणिज्यवाले फिरकत नाहीत, हे त्यांचं नुकसान. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर कर आहे, इतर बऱ्याच ठिकाणी करयोग्य मूल्यावर, म्हणजे तिच्या अपेक्षित वार्षिक भाड्यावर. हा फरक समजला की शहराच्या उत्पन्नाचा पाया समजतो. थकबाकीच्या यादीत दुबार आकारणी, पाडलेल्या इमारती, मयत मालक आणि खरे बुडवे, हे चारही एकाच रकान्यात असतात. एका प्रभागाची यादी या चार ढिगांत वेगळी करून दिली तरी करनिरीक्षक दुवा देईल.

आता एक काम जवळून पाहू, कारण प्रशिक्षणार्थ्याला हमखास दिलं जाणारं आणि हमखास वाया जाणारं काम हेच: तक्रारींचं विश्लेषण. ॲप, हेल्पलाइन आणि राज्याच्या 'आपले सरकार' पोर्टलवरून आलेल्या तक्रारींची एक्सेल फाइल मिळते. तक्रार क्रमांक, दिनांक, प्रकार, पत्ता, प्रभाग, स्थिती, निराकरण दिनांक. मुलं लगेच पाय चार्ट काढतात: 'रस्ते ३० टक्के, पाणी २० टक्के'. साहेब मान डोलावतात आणि फाइल संपते. करायचं असतं ते असं. आधी पत्ते साफ करा: 'औंध', 'औन्ध', 'औंध रोड' वेगवेगळे मोजले गेलेले असतात. मग एकाच खड्ड्याच्या पाच जणांनी केलेल्या पाच तक्रारी एकत्र करा, पण त्यांची संख्या जपा, कारण पाच जणांना खुपलेला खड्डा हीही माहितीच. मग 'बंद' हा शब्द तपासा. बंद म्हणजे सुटली असं नाही. 'सदर काम पथ विभागाचे नसून मलनिस्सारण विभागाचे आहे' असा शेरा मारूनही तक्रार बंद होते आणि मलनिस्सारणाकडे ती कधी उघडतच नाही. परवानगी घेऊन बंद तक्रारींपैकी कोणत्याही ५० उचला आणि तक्रारदारांना फोन करा. काम झालं का, किती दिवसांनी, परत बिघडलं का, तीनच प्रश्न. एवढं केलं की आयुक्तांच्या आढावा बैठकीत तुमचा कागद वर येतो. मात्र त्यात अधिकाऱ्यांची नावं लिहू नका, प्रकार आणि प्रभागच लिहा. एकदा का खातं बिथरलं की पुढची माहिती मिळत नाही.

अभियांत्रिकीच्या मुलांनी एका लहान कामाची फाइल शेवटपर्यंत धरावी, पन्नास मीटर पदपथाची का असेना. जागेची पाहणी, कनिष्ठ अभियंत्याची मोजमापं, दरसूचीवरून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, तरतूद शिल्लक असल्याचा लेखा विभागाचा शेरा, प्रशासकीय मान्यता, निविदा, करार, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, देयक, दोष दायित्व कालावधी (ज्यात बिघाड झाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा). प्रत्येक टप्प्यावर फाइल कोणत्या तारखेला आली आणि कोणत्या तारखेला गेली हे टिपणीवरच्या सह्यांखालच्या तारखांवरून काढता येतं. उशीर मान्यतेत होतो की तरतुदीच्या शेऱ्यापाशी, हे खात्यातल्या लोकांनाही नेमकं माहीत नसतं. महाविद्यालयात अंदाजपत्रक शिकवतात. पदपथाखाली आधीच तीन केबल आणि एक जुनी जलवाहिनी आहे आणि तिची नोंद नकाशात नाही, तेव्हा काय करायचं हे शिकवत नाहीत.

रुजू होताना तीन कागद मागून घ्या. खात्याचं आणि मार्गदर्शकाचं नाव असलेला लेखी आदेश. काय काम करून द्यायचं याचं एक पान, मार्गदर्शकाच्या सहीचं. आणि कोणती माहिती, कोणतं लॉगिन मिळेल याचं पत्र. तिसरं सगळ्यात अवघड. ई-ऑफिस (संगणकावरच्या फाइली) किंवा जीआयएसचा (संगणकीय नकाशांचा) पासवर्ड बाहेरच्याला न देण्यामागे कारणही असतं, नागरिकांची खासगी माहिती त्यात असते. अशा वेळी नावं-फोन काढून टाकलेली प्रत मागावी, ती मिळते. मार्गदर्शकाची बदली झाली तर हेच पहिलं पान नव्या साहेबांपुढे ठेवायचं. नसेल तर पुन्हा शून्यापासून. आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रत्येक खात्याने स्वतःहून जाहीर केलेली माहिती आधीच वाचून जा. कोणाचे अधिकार काय हे त्यात असतं, आणि ती वाचलेला माणूस दुर्मीळ असल्याने लगेच ओळखू येतो.

महापालिकांसाठीही दोन शब्द. 'बीई, एमबीए, दहा जागा' अशी जाहिरात देऊ नका. 'अमुक प्रभागातल्या पाणीगळतीच्या तक्रारी निम्म्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा का येतात ते शोधायचं आहे' अशी द्या. अर्जही वेगळ्या प्रकारचे येतील. घ्यायचे तितकेच घ्या, ज्यांना बसायला खुर्ची आणि विचारायला माणूस आहे. एका उपअभियंत्यामागे दोनपेक्षा जास्त प्रशिक्षणार्थी दिले की तो त्यांना टाळायला लागतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही. हुशार मुलं आज पालिकेत दिसतात ती बहुधा प्रकल्प सल्लागार कंपन्यांच्या ओळखपत्रावर. तिथे पगार बरा असतो, पण त्यांनी शिकलेलं कंपनीबरोबर निघून जातं आणि पुढच्या निविदेत पालिका तेच पुन्हा विकत घेते.

पुढे काय, हा प्रश्न विचारायचा राहतो. या तिन्ही वाटा पालिकेच्या कायम सेवेत उघडत नाहीत. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी व्हायचं तर लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा. मुंबईत सहायक आयुक्त व्हायचं तरी आयोगच. खालच्या पदांची सरळसेवा भरती टीसीएस किंवा आयबीपीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थांमार्फत होते आणि तिथे चाचणीतले गुण बोलतात. निवडून यायचं तर नगरसेवकाला वयाची किमान अट २१ आहे आणि त्या शहराच्या मतदारयादीत नाव हवं. २०२२ पासून कित्येक महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या, त्या काळात हे दारही बंदच होतं.

आमचे गुण: ट्युलिपला पाचपैकी अडीच, पैसे देणाऱ्या शहरात साडेतीन. युवा कार्य प्रशिक्षणाला तीन, त्यातले दोन ठरलेल्या विद्यावेतनाचे. मुख्यमंत्री फेलोशिपला चार, पण शहर शिकायला म्हणून तीनच. बारावी किंवा आयटीआय झालेल्याने युवा कार्य प्रशिक्षण घ्यावं आणि पाणीपुरवठा किंवा विद्युत विभाग मागावा, हातातलं कौशल्य तिथे वाढतं. त्याच शहरात घर असलेल्या नव्या पदवीधराने ट्युलिपची आठ ते बारा आठवड्यांची जागा घ्यावी, वर्षाची नको. एक-दोन वर्षं नोकरी केलेल्या, मराठीत टिपणी लिहू शकणाऱ्याने फेलोशिपचा अर्ज भरावा.

कार्यमुक्त होताना केलेलं काम पेनड्राइव्हवर देऊन निघू नका. छापील अहवाल बारनिशीत द्या, आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या आणि अनुभव प्रमाणपत्रात 'समाधानकारक काम केले' या ठोकळेबाज वाक्याऐवजी खात्याचं नाव, कामाचा विषय आणि तो आवक क्रमांक घालायला सांगा. मसुदा स्वतः टाइप करून नेला तर लिपिक सहसा नाही म्हणत नाही.